गेममधलं चिलखत कसं तपासावं: आधी कापड, मग लोखंड

मध्ययुगीन युरोपातला एखादा गेम सुरू केला की नजर आधी चकचकीत पत्र्यावर जाते. छातीवरची नक्षी, खांद्यावरचे पत्रे, टोपावरचा तुरा बघायचा आणि तिथल्या तिथे ठरवून टाकायचं, की हे चिलखत खरं वाटतंय किंवा नाही. हा क्रम उलटा करा. गेम बनवणाऱ्यांनी अभ्यास केलाय का, हे पत्र्यावरून सहसा कळत नाही. आतल्या कापडावरून मात्र लगेच कळतं. संग्रहालयातला एक चांगला फोटो समोर ठेवला तर कुठलाही बरा कलाकार पत्रा हुबेहूब उतरवेल. पण त्या पत्र्याखाली काय घालायचं, तो कशाला बांधायचा, तो घालून वाकायचं कसं आणि श्वास कसा घ्यायचा, हे मुळात शिरल्याशिवाय जमत नाही.

ज्यांनी असे गेम नुकतेच खेळायला घेतलेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणं मुख्यतः 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मधली आहेत. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजने हा गेम २०१८ मध्ये आणला, त्याचा दुसरा भाग २०२५ च्या फेब्रुवारीत आला. गोष्ट घडते १४०३ सालच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. ड्रॅगन नाहीत, जादूटोणा नाही. आपण इतिहास दाखवतोय असं हा गेम स्वतःच सांगतो, त्यामुळे त्याला जरा कडक माप लावायला हरकत नाही. ज्या गेमने असा दावाच केलेला नाही, त्याच्या मागे हातात पुस्तक घेऊन लागू नये.

पहिली पायरी: साल आणि मुलूख विचारा

'मध्ययुगीन चिलखत' अशी एक वस्तू कधीच नव्हती. युरोपचं मध्ययुग जवळजवळ हजार वर्षांचं, आणि त्यात चिलखत सतत बदलत होतं. सगळं पाठ करायची गरज नाही, चार-पाच खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे.

इंग्लंडमधली १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई फ्रान्समधल्या बायूच्या प्रसिद्ध भरतकामात दिसते. गुडघ्यापर्यंत आलेलं कड्यांचं चिलखत (एकमेकांत गुंफलेल्या लोखंडी कड्यांचं, पुढे त्यालाच नुसतं 'कडी' म्हटलंय), आणि डोक्यावर शंकूसारखा टोप, ज्याची एक पट्टी नाकावर उतरलेली. तेराव्या शतकात सगळं डोकं झाकणारा, डबड्यासारखा ग्रेट हेल्म आला, आणि कडी हातापायांवरही पोचली. चौदाव्या शतकाच्या मध्याला जाड कापडाच्या किंवा चामड्याच्या अंगरख्याला आतून लोखंडी पत्रे ठोकलेले दिसतात. त्याला कोट ऑफ प्लेट्स म्हणतात. १४०० च्या आसपास गोलसर छातीपत्रा, हातापायांवर पत्रे, त्याखाली कडी, आणि पुढे टोकदार मुस्कट असलेल्या झडपेचा बॅसिनेट नावाचा टोप. 'किंगडम कम' याच काळातला. त्यानंतर १४५० च्या पुढे मिलानचं गुळगुळीत, गोलाईचं चिलखत आणि जर्मन मुलखातलं उभ्या धारांचं, टोकदार चिलखत, आणि त्यासोबत मानेवर शेपटी आलेला सॅलेट टोप.

आपल्या डोळ्यासमोर 'नाइट' म्हणून जो पायापासून डोक्यापर्यंत चकाकणारा माणूस उभा राहतो, तो या शेवटच्या टप्प्यातला. मध्ययुगाची अखेरची पन्नास-साठ वर्षं. बहुतेक गेम तोच उचलतात आणि अकराव्या शतकात नेऊन उभा करतात.

तपासायला एक साधा नियम आहे: मागचं पुढे चालतं, पुढचं मागे चालत नाही. १४०३ च्या गेममध्ये एखाद्या गरीब शिपायाच्या अंगावर आजोबांच्या वेळचं कड्यांचं चिलखत असेल तर ते अगदी बरोबर. लोखंड महाग होतं, कोणी टाकून देत नसे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बी शहराबाहेर १३६१ च्या जुलैत डॅनिश फौजेने स्थानिक शेतकऱ्यांना कापून काढलं. विसाव्या शतकात तिथली सामूहिक थडगी खणली तेव्हा हजाराच्या वर माणसांचे सांगाडे निघाले, कित्येक चिलखतासकट. काही कवट्यांवर कड्यांची टोपरी अजून तशीच होती. त्यांच्या अंगावरचं बरंचसं सामान त्या काळाच्या मानाने जुनाट होतं. तेव्हा जुनं दिसलं तर आक्षेप घेऊ नका. १४०३ मध्ये १४८० चा सॅलेट दिसला तर मात्र खुशाल घ्या.

हा नियमही किती ताणायचा याला मर्यादा आहे. 'किंगडम कम'मधले कुमान (मूळच्या एका भटक्या घोडेस्वार जमातीचे) भाडोत्री सैनिक आठवा. काहींच्या टोपांना मिशा असलेले लोखंडी मुखवटे आहेत. दिसतात झकास. पण तसे मुखवटे स्टेप प्रदेशातल्या, म्हणजे पूर्व युरोपच्या गवताळ मैदानांतल्या, थडग्यांत मिळतात ते साधारण बाराव्या-तेराव्या शतकातले. कुमान लोक तेराव्या शतकाच्या मध्यातच हंगेरीत येऊन वसले होते. १४०३ पर्यंत दीडशे वर्षं उलटलेली. इतक्या काळात ते आजूबाजूच्या हंगेरियन लोकांपेक्षा इतके वेगळे दिसत असतील, हे मला पटत नाही. शत्रू लांबून ओळखू यावा म्हणून केलेली ही सोय आहे, आणि गेममध्ये तिचा उपयोग होतो हेही खरं.

'स्कायरिम' किंवा 'एल्डन रिंग'सारख्या कल्पित जगातल्या गेमला साल विचारण्यात अर्थ नाही. तिथे पहिली पायरी सोडून सरळ पुढे जा. हे घालून माणूस हलेल का आणि वाचेल का, एवढंच बघा. 'एज ऑफ एम्पायर्स २'लाही सूट द्या. त्यात मुळातच हजारेक वर्षं एका नकाशावर आणून बसवलीयत.

दुसरी पायरी: आत काय घातलंय?

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कड्या किंवा पत्रे अंगाला थेट लावत नसत. आत जाड शिवलेला, थरांचा अंगरखा असे, गॅम्बेसन. तागाच्या कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, किंवा दोन थरांमध्ये कापूस, लोकर, चिंध्या भरायच्या, आणि उभ्या ओळींनी दाट टाके घालायचे. आपली गोधडी ज्या तत्त्वावर शिवली जाते तेच तत्त्व, फक्त टाके जास्त घट्ट आणि माल जास्त ठासून. पंधराव्या शतकातल्या फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातल्या एका हुकमात सैनिकाच्या अशा अंगरख्याला पंचवीस ते तीस थर कापड आणि वर हरणाचं कातडं लावायला सांगितलंय. तीस थर कापडातून तलवार सहजासहजी आरपार जात नाही.

हा अंगरखा तीन कामं करतो. कड्यांवर बसलेला तडाखा शोषून घेतो. नाहीतर कड्या फाटल्या नाहीत तरी आतलं हाड मोडतं. लोखंडाने कातडी सोलवटू देत नाही. आणि पुढे पत्र्यांचं चिलखत आल्यावर त्या काळच्या, अंगाला नेमक्या बेतलेल्या अंगरख्याला नाड्या लावलेल्या असत, ज्यांना हातापायांचे पत्रे बांधायचे. म्हणजे कापड हा नुसता अस्तराचा भाग नव्हता, सगळं चिलखत त्यालाच टांगलेलं होतं.

गरीब पायदळ शिपायाला तर अनेकदा एवढंच मिळे. गॅम्बेसन, लोखंडी टोप, हातात भाला. आता तुमच्या आवडत्या गेममध्ये सुरुवातीच्या लेव्हलला काय मिळतं ते आठवा. बहुधा तपकिरी चामड्याचं जाकीट. इथेच निम्मे गेम नापास होतात. नवख्या शिपायाला कापड दिलं असतं तर इतिहास आणि गेमचं गणित दोन्ही जुळलं असतं.

'किंगडम कम'मध्ये इन्व्हेंटरी उघडा आणि नायकाला, हेन्रीला, पाहिजे तसे कपडे घाला. अंगासाठी गॅम्बेसन, कडी, पत्रा, आणि वरून रंगीत अंगरखा, सगळ्यांची जागा वेगळी. डोक्यालाही आधी जाड कापडी टोपरं, मग कड्यांचं टोपरं, मग लोखंडी टोप. प्रत्येक थर संरक्षणाच्या आकड्यांत मोजला जातो. वार, भोसक आणि ठोका यांचे आकडेही वेगळे. मी कोणालाही हा गेम दाखवताना आधी लढाई दाखवत नाही, ही खिडकी दाखवतो.

कुठल्याही गेममध्ये ही तपासणी अशी करा. कॅरेक्टरला हात वर करायला लावा, किंवा तशी पोझ मिळेपर्यंत थांबा, आणि काखेत, कोपराच्या आत, मानेपाशी आणि गुडघ्यामागे बघा. पत्रे जिथे संपतात तिथे काय दिसतं? कडी किंवा शिवलेलं जाड कापड दिसलं तर काम नीट झालंय. पातळ सदरा दिसला तर शंका घ्या. उघडी कातडी दिसली तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही.

कापडावरून आणखी एक गोष्ट कळते: रंग. मध्ययुग म्हणजे करडं, तपकिरी, मळकं, असा गेमवाल्यांचा ठाम समज आहे. इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला ब्लॅक प्रिन्स म्हणतात, १३७६ मध्ये वारला. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर पूर्वी टांगलेल्या वस्तूंमध्ये त्याचा टोप आणि लोखंडी हातमोजे आहेत, आणि त्यासोबत त्याचा शिवलेला अंगरखाही आहे. तो लाल आणि निळ्या मखमलीचा, वर सोनेरी चित्तेवजा सिंह आणि कमळासारखी लिली. पुढच्या शतकातल्या ब्रिगँडाइन प्रकारच्या (कापडाला आतून पत्रे ठोकलेल्या) चिलखतांवर मखमल चढवून सोन्याचा मुलामा दिलेले रिव्हेट ठोकत. रणांगणावर माणूस मिरवायचा, आणि आपल्या लोकांना ओळखू यावा म्हणून मिरवणं गरजेचंही होतं.

तिसरी पायरी: कड्या

कड्यांच्या चिलखतात नेहमीच्या गुंफणीत एक कडी चार कड्यांत अडकवलेली असते आणि प्रत्येक कडीची टोकं चपटी करून त्यांत बारीक रिव्हेट मारलेला असतो. अशा हजारो कड्या. लांब बाह्यांच्या अंगरख्याचं वजन साधारण दहा किलोच्या आसपास जातं. गेममध्ये दोन गोष्टी बघा. एक, ती अंगाला चिकटून बसलीय की लोंबतेय? खरी कडी खांद्यावरून खाली ओढ घेते, म्हणून कमरेला पट्टा घट्ट बांधून थोडं वजन कमरेवर घेतात आणि पट्ट्याच्या वर तिचा फुगा येतो. हा फुगा दाखवणारे गेम मला लगेच आवडतात. दोन, तलवारीच्या एका फटक्यात ती फाटते का? फाटायला नको. रिव्हेट मारलेल्या कड्यांवर धारेचा वार फारसा चालत नाही. अरुंद टोकाने जोरात भोसकलं तर कडी तुटू शकते, आणि गदेचा ठोका तर कड्यांतून सरळ आत पोचतो.

एक सावधगिरी. जुनी चित्रं पुरावा म्हणून घेताना डोळे उघडे ठेवा. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत १२४० च्या दशकातलं पॅरिसचं एक सचित्र बायबल आहे. कपडे, कड्या, टोप यांच्यासाठी ते खजिनाच. पण त्याच पानांवर तलवारीच्या एका घावात टोपासकट डोकं चिरलेलंही दाखवलंय. चित्रकाराला अंगावर काय होतं हे माहीत होतं. घाव किती खोल जातो हे त्याने रंगवून सांगितलं. आजच्या गेमवाल्यांनीही नेमकं तेच केलंय म्हणायचं.

युरोपातली कडी प्रत्यक्ष बघायला आपल्याला लांब जावं लागेल. पण कडी म्हणजे काय, ती कशी पडते, तिचा जोड कसा असतो, हे समजून घ्यायला मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं केळकर संग्रहालय चालेल. तिथली शस्त्रं आणि चिलखतं नंतरच्या काळातली आणि आपल्याकडची, त्यामुळे त्यांच्यावरून १४०३ च्या बोहेमियाबद्दल काही ठरवू नका. प्रतापगडाच्या भेटीला महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. कडी कपड्याखाली दडू शकते, पत्रा दडत नाही, एवढं त्यावरून लक्षात ठेवलं तरी उपयोगी आहे.

चौथी पायरी: आता पत्रा

छातीपत्रा कुठे संपतो ते बघा. खरा पत्रा नैसर्गिक कमरेला, म्हणजे बरगड्या संपतात तिथे संपतो. त्याखाली एकमेकांवर सरकणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा घेर असतो, म्हणून माणूस वाकतो, बसतो, घोड्यावर चढतो. छातीपत्रा ओटीपोटापर्यंत एकसंध आणणारे गेम कमी नाहीत. तसलं चिलखत घालून खाली पडलेली तलवार उचलता येणार नाही.

खांद्यांचंही तसंच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या खांद्यांवर हसून झालंय सगळ्यांचं, त्यात आता मजा राहिली नाही. तो गेम व्यंगचित्राच्या अंगाने काढलाय आणि ते लपवत नाही. गंभीर चेहऱ्याने इतिहास सांगणाऱ्या गेममध्ये खांद्यावरचा पत्रा कानापर्यंत आला की खटकतं. हात डोक्यावर नेऊन वार करता येतोय का, एवढं बघा.

बायकांच्या चिलखतावर दोन वाटोळे उंचवटे काढायची खोड अजून गेलेली नाही. पत्र्याचं मुख्य काम टोक निसटवून बाहेर घालवणं. असे उंचवटे ते टोक मधल्या खाचेत, बरोबर छातीच्या हाडावर आणून सोडतात. पंधराव्या शतकातला छातीपत्रा मुळातच पुढे फुगीर असे, त्यात कोणाचंही अंग मावतं. फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कला १४२९ मध्ये तूर शहरात पूर्ण चिलखत करून दिलं, त्याचे शंभर लिव्र तूर्न्वा (त्या काळचं फ्रेंच चलन) चुकते केल्याची नोंद आहे. ते चिलखत आज उरलेलं नाही, पण तिच्यासाठी वेगळा आकार काढायचं काही कारण नव्हतं.

वजनाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लढाईच्या पूर्ण पत्री चिलखताचं वजन साधारण वीस-पंचवीस किलो, आणि ते अंगभर विभागलेलं. पत्रा बहुतेक ठिकाणी एक ते तीन मिलिमीटर जाड, छातीवर जाडसर, हातापायांवर पातळ. नाइटला घोड्यावर चढवायला कप्पी लावत, पडला की कासवासारखा उलटा पडून राही, या गप्पा आहेत. फ्रान्सचा मार्शल बूसिको, जन्म १३६६, याच्या चरित्रात तो चिलखत घालून कोलांट्या मारायचा, शिडीच्या खालच्या बाजूने हातांवर चढायचा, असं लिहिलंय. चरित्रकाराने थोडं फुगवलं असेल. तरी आजही तसंच चिलखत घालून धावणारी, लोळणारी माणसं युरोपात आहेत.

पण म्हणून ते फुकट नव्हतं. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तीस ते पन्नास किलोंच्या प्रतिकृती घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं. चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त, धावायला जवळजवळ दुप्पट. यात मोठा वाटा पायांवरच्या लोखंडाचा, कारण ते प्रत्येक पावलाला उचलून पुढे न्यावं लागतं. पाठीवरचं ओझं निदान जागेवर तरी असतं. शिवाय छातीपत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, माणूस भरभर, उथळ श्वास घेतो. आता गेमकडे बघा. 'डार्क सोल्स' आणि 'एल्डन रिंग'मध्ये एकूण वजन एका मर्यादेपुढे गेलं की रोल, म्हणजे लोळून वार चुकवणं, मंदावतो. बहुतेक गेममध्ये एकच बेरीज असते, पायातला किलो आणि छातीवरचा किलो एकाच मापाचे. खरं तर उलट हवं: पहिला फटका चपळाईला नव्हे, दमाला. स्टॅमिना लवकर संपवणारा गेम हालचाल मंदावणाऱ्या गेमपेक्षा सत्याच्या जवळ आहे.

पाचवी पायरी: टोप

तोंड दिसायला हवं म्हणून नायक टोप घालत नाही. सिनेमाचा हा रोग गेमच्या कटसीनमध्येही, म्हणजे मध्येच येणाऱ्या सिनेमासारख्या प्रसंगांतही, आलाय. युद्धात आधी टोप, मग बाकी सगळं, हा गरिबातल्या गरीब शिपायाचाही हिशोब होता. तुमच्या गेममध्ये पूर्ण चिलखत घातलेले लोक उघड्या डोक्याने फिरत असतील तर समजा, चिलखत तिथे पोशाख म्हणून आहे.

टोप दिसला तर हनुवटीखाली पट्टा बघा, आणि आत कापडी अस्तर किंवा टोपरं आहे का ते बघा. 'किंगडम कम'मध्ये झडप असलेला टोप घातला की पडद्यावर फक्त एक फट उरते. पहिल्यांदा चीड येते. पण झडप खाली असली की माणसाला कसं अर्धवट दिसत असेल, हे समजवायला याहून सरळ मार्ग नाही. खऱ्या लढाईत बाण येत असतील तेव्हा झडप खाली, श्वास घ्यायचा किंवा हुकूम द्यायचा असेल तेव्हा वर.

सहावी पायरी: जे नव्हतंच, ते ओळखा

हे भराभर. 'स्टडेड लेदर', म्हणजे नुसत्या चामड्यावर टिकल्यासारख्या खिळ्यांच्या ओळी: याला आधार नाही. ब्रिगँडाइनच्या कापडावर बाहेरून रिव्हेटची डोकी दिसतात, आत पत्रे असतात. कोणीतरी चित्रात फक्त डोकी बघितली, आतले पत्रे विसरला, आणि टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेममधून ते आजच्या गेमपर्यंत आलं. खिळ्यांनी चामडं मजबूत होत नाही. उकळून, साच्यात घालून कडक केलेलं चामडं मात्र चिलखतात वापरत, ते वेगळं.

मनगटावर चामड्याचे पट्टे: धनुर्धर दोरीचा फटका लागू नये म्हणून धनुष्याच्या हाताला आतून घाले. सगळ्या गावाने दोन्ही हातांना घालायची ती वस्तू नव्हे.

शिंगांचे टोप. व्हायकिंग घालत नव्हते; १८७६ च्या वॅग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेनंतर ती कल्पना पक्की झाली. डेन्मार्कला वेक्सो इथे मिळालेले शिंगवाले टोप खरे आहेत, पण ते कांस्ययुगातले, व्हायकिंगांच्या दीड-दोन हजार वर्षं आधीचे. नॉर्वेत येरमुंडबू इथे मिळालेल्या दहाव्या शतकातल्या टोपाला डोळ्यांभोवती चष्म्यासारखं कडं आहे, शिंगं नाहीत. तरी शिंगं दिसली की लगेच हसू नका. चौदाव्या शतकात जर्मन मुलखातले सरदार स्पर्धांसाठी ग्रेट हेल्मवर मोठाली शिंगं, पंख, पक्षी बसवत. हलक्या मालाची, घराण्याची खूण म्हणून. व्हिएन्नातला प्रांक घराण्याचा टोप बघा. स्पर्धेच्या मैदानात शिंगं खरी, गल्लीतल्या पहारेकऱ्याच्या डोक्यावर खोटी.

सातवी पायरी: मारून बघा

चिलखत दिसायला बरोबर आणि लढाईत निरुपयोगी, असं फार होतं. नायक तलवारीने पत्र्यावर आडवे-तिडवे वार करतो आणि समोरचा कोसळतो. असं होत असेल तर ते चिलखत घालायचंच कशाला? पत्री चिलखत आलं तशी शस्त्रंही बदलली: कुऱ्हाड, हातोडा आणि टोक एकत्र असलेलं पोलअॅक्स, गदा, आणि फटीत खुपसायला अरुंद, ताठ खंजीर. पंधराव्या शतकातला जर्मन तलवारबाज हान्स टालहॉफर याच्या सचित्र हस्तलिखितांत लोक तलवारीच्या मधोमध पातं धरून भाल्यासारखी फटीत खुपसताना दिसतात, किंवा पातं धरून मुठीचा भाग हातोड्यासारखा मारताना. या दुसऱ्या डावाचं जर्मन नाव मोर्डहाऊ. २०१९ चा 'मोर्डहाऊ' गेम त्याच नावाचा, आणि तलवार अशी उलटी धरायची सोय त्यात आहे. डोकं, धड, पाय यांचं चिलखत तिथे वेगवेगळं निवडायचं असतं आणि कुठलं शस्त्र कुठल्या चिलखतावर किती चालेल याचे आकडे वेगळे. दिसायला हा गेम काळांची खिचडी करतो, पण पत्रा कशाला असतो हे त्याला कळलंय.

नवीन माणसाने एवढं करावं. पूर्ण चिलखतातला एक शत्रू शोधा. त्याला आधी तलवारीची धार मारा, मग टोक, मग गदा. तिन्हींत फरक जाणवला नाही तर त्या गेममधलं चिलखत हा फक्त आरोग्याचा जास्तीचा पट्टा आहे.

आठवी पायरी: काय माफ करायचं

पूर्ण पत्री चिलखत चढवायला मदतनीस लागतो आणि बराच वेळ जातो. गेममध्ये मेनूतून ते एका क्षणात अंगावर येतं. माफ. खऱ्या वेळेत नाड्या बांधायला लावल्या तर दुसऱ्या दिवशी कोणी गेम उघडणार नाही. मेलेल्या सरदाराचं चिलखत काढून घातलं आणि ते बरोबर बसलं, हे मात्र मला अर्धंच माफ करावंसं वाटतं. उत्तम चिलखत मापाने केलेलं असे. नडगीचा पत्रा बोटभर लांब असला तरी पाऊल दुमडत नाही. साधा टोप, कडी, गॅम्बेसन लुटून घालणं खरं वाटतं, कारण या गोष्टी थोड्याफार फरकाने कोणालाही होतात.

शत्रू-मित्र ओळखू यावेत म्हणून रंग ठरवून देणं, आवाज थोडे मोठे करणं, हेही चालेल. मात्र नीट बसवलेलं चिलखत भांड्यांच्या दुकानासारखं खणखणत नाही. 'किंगडम कम'मध्ये प्रत्येक वस्तूला आवाजाचा आकडा आहे, आणि रात्री चोरी करायला निघताना लोखंड उतरवून कापडावर जावं लागतं.

शेवटी, हाताने करायचा सराव

फोटो मोड असेल तर एका कॅरेक्टरचे चार स्क्रीनशॉट काढा: समोरून, हात वर करून, घोड्यावर बसून, आणि पाठीमागून. मग त्याच दशकातली खरी वस्तू शोधा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर चिलखतांचे मोठे फोटो असतात आणि अनेक वस्तूंचं वजनही दिलेलं असतं. लंडनचं वॉलेस कलेक्शन, लीड्सचं रॉयल आर्मरीज, व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम यांचं पण बघा. १४०० च्या आधीचं पत्री चिलखत पूर्ण स्वरूपात फार थोडं उरलंय, त्यातलं काही इटलीच्या उत्तरेला चुरबुर्गच्या किल्ल्यात आहे. त्या काळासाठी थडग्यांवरचे दगडी पुतळे आणि चित्रं कोरलेले पितळी पत्रे जास्त कामाचे. 'किंगडम कम' खेळत असाल तर राजा चौथ्या वेन्सेस्लाससाठी १४०० च्या सुमारास केलेलं सचित्र बायबल, त्याच्या पानांची छायाचित्रं, शेजारच्या खिडकीत उघडून ठेवा. गेममधलाच राजा, त्याच्याच मुलखातले चित्रकार.

पाठीमागचा स्क्रीनशॉट सगळ्यात शेवटी उघडा. गेम बनवणाऱ्यांची मेहनत समोरच्या बाजूला संपलेली असते, त्यामुळे चुका तिथे सापडतात. मांडीच्या मागे बघा. घोडेस्वाराचा मांडीपत्रा सहसा मागून उघडा असतो आणि पट्ट्यांनी बांधलेला असतो, कारण त्याला खोगिरावर पकड हवी. तिथे सलग गुळगुळीत लोखंड असेल तर त्या माणसाला घोड्यावर बसलेलं कोणी विचारात घेतलेलं नाही.